गिरगावातल्या १,८६२ पत्रिकांचं घाऊक रूपांतर

गिरगावात एका चाळीच्या तळमजल्यावर पत्रिकांचं दुकान आहे. लग्न, मुंज, वास्तुशांत, डोहाळजेवण, एकसष्टी, सगळ्याच्या पत्रिका तिथे होतात. दुकान काकांचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या मित्राचं. गिऱ्हाइकाशी बोलतात काका, आणि गेली वीसेक वर्षं कॉम्प्युटरवर बसतात काकू. मी लोअर परळच्या एका छापखान्यात प्रीप्रेस, म्हणजे छपाईच्या आधीचं फाइलींचं काम, बघते. दसऱ्यानंतर काकांचा फोन आला. जुनं मशिन सुरू व्हायला दहा मिनिटं घेतंय, हार्डडिस्क टकटक वाजतेय, आणि तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू. नवीन मशिन आणलंय, सगळ्या पत्रिका त्यावर नीट आणून दे.

काम ऐकायला सोपं होतं. जुन्या मशिनवर विंडोज एक्सपी आणि फोटोशॉप सीएस३. नव्या मशिनवर काकांना दरमहा पैसे भरायचं सॉफ्टवेअर नको होतं. २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या भाड्यानेच मिळतात आणि दोन माणसांच्या दुकानाला ते वर्षभर परवडत नाही. म्हणून जिंप हे चित्रांचं मोफत सॉफ्टवेअर घालायचं ठरलं. जुन्या फोल्डरमध्ये १,८६२ पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या, फाइली होत्या, सगळ्या मिळून ११० जीबीच्या आसपास. त्यांच्या जिंपच्या एक्ससीएफ फाइली करायच्या, लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर, शाबूत ठेवून. एक स्क्रिप्ट लिहायची, रात्री चालू करायची, सकाळी फाइली तयार.

पत्रिकेच्या धंद्यात लेअर का लागतात ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. गिऱ्हाईक दुकानात येतं, नमुना बघतं आणि म्हणतं, "हीच द्या, फक्त गणपती जरा वर घ्या आणि आमच्या पत्रिकेत आजोबांचं नाव पहिलं टाका." म्हणजे डिझाइन तेच, मजकूर नवा. शिवाय सोनेरी फॉइल मारायची तर तिच्यासाठी वेगळा ब्लॉक बनतो आणि ब्लॉकवाल्याला फक्त सोनेरी भागाचा काळा-पांढरा प्रिंट लागतो. सगळं एका चित्रात मिसळून गेलं, तर नावही बदलता येत नाही आणि सोनंही वेगळं काढता येत नाही.

पहिल्या रात्री मी स्क्रिप्ट लावली आणि घरी गेले. सकाळी बघते तर २१० फाइली झाल्या होत्या, पुढे काहीच नाही. स्क्रिप्ट २११ व्या फाइलवर अडून बंद पडली होती. ती फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीतली, होती. आमच्याकडे तेव्हा जिंप २.१० होतं आणि ते सीएमवायके पीएसडी उघडत नाही. मार्च २०२५ मध्ये आलेलं ३.० त्या उघडतं, पण आत घेताना त्यांचं आरजीबीच, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीतलं चित्र, करतं. ऑफसेटला जाणारी पत्रिका काकू पहिल्यापासून सीएमवायकेमध्ये करायच्या, आणि ते बरोबरच होतं. चूक माझी होती. फोल्डरमध्ये काय आहे हे न बघता मी थेट रूपांतराला हात घातला.

कोणती फाइल कोणत्या रंगपद्धतीची हे कळायला फाइल उघडावी लागत नाही. पीएसडीच्या पहिल्या २६ बाइट्समध्ये सगळी कुंडली असते: ओळख, आवृत्ती, चॅनेल किती, उंची, रुंदी, किती बिटची, आणि शेवटच्या दोन बाइट्समध्ये रंगपद्धत. तिथे ३ असेल तर आरजीबी, ४ असेल तर सीएमवायके, १ असेल तर ग्रेस्केल. एवढंच वाचणारा छोटा प्रोग्राम लिहिला. दोनेक मिनिटांत यादी हातात आली: ६४० सीएमवायके, १,२२२ आरजीबी. हे काम पहिल्या दिवशी केलं असतं तर एक रात्र वाचली असती.

दुसऱ्या रात्री फक्त आरजीबी फाइली लावल्या. सकाळी स्क्रिप्ट शेवटपर्यंत गेलेली, एकही एरर नाही. काका खूश झाले. मी सवयीने फाइली मोजल्या. आत गेल्या १,२२२, बाहेर आल्या १,१३९. मधल्या ८३ कुठे गेल्या? काकू दरवर्षी नवं फोल्डर करायच्या आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'मोर', 'तोरण', 'कलश १' ही नावं पुन्हा यायची. माझी स्क्रिप्ट सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकत होती. एका वर्षाचा मोर आधीच्या वर्षाच्या मोरावर जाऊन बसला, आणि मागून चालणारी स्क्रिप्ट 'ही फाइल आधीच आहे, पुसू का?' असं विचारत नाही. मूळ फाइलींना धक्का लागला नव्हता, म्हणून निभावलं. त्याच दिवशी मूळ फोल्डरच्या दोन प्रती काढल्या, एक काकांच्या मुलीकडे बोरिवलीला पाठवली, आणि दुकानातलं फोल्डर रीड-ओन्ली केलं.

फोल्डरची रचना तशीच ठेवून तिसऱ्यांदा चालवलं. आकडा जुळला. मला वाटलं, आता सीएमवायकेचं तेवढं बघायचं की झालं.

तेव्हा काकू पहिल्यांदा नव्या मशिनसमोर बसल्या. त्यांचं एक जुनं डिझाइन आहे, मधोमध मोर आणि कडेने नक्षी. ते त्या तीन रंगांत विकतात: मरून, हिरवं आणि निळं. तिन्ही फाइली उघडल्या. तिन्ही मरून. काकू काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. हिरवा आणि निळा त्यांनी वर एक ह्यू-सॅच्युरेशनचा अॅडजस्टमेंट लेअर टाकून केला होता, आणि जिंप २.१० पीएसडी उघडताना असे लेअर सोडून देतं. मोराच्या कडेची उठावदार कडा आणि सावलीही गेली होती, कारण ते लेअर स्टाइल होते. जे पिक्सेलचं होतं ते आलं. जे 'पिक्सेलवर असं करा' म्हणून लिहून ठेवलेलं होतं ते आलं नाही.

मग त्यांनी वधूच्या नावावर क्लिक केलं. चि. सौ. कां. तसंच होतं, वळण तेच, वेलांटीही तीच. पण ते अक्षर राहिलं नव्हतं, अक्षराचं चित्र झालं होतं. जिंप २.१० पीएसडीतला मजकूर चित्र करूनच आत घेतं. नाव खोडून दुसरं लिहिता येईना.

माझ्या मनात आलं, भाड्याचं तर भाड्याचं, एक महिन्यासाठी नवीन फोटोशॉप घ्यावं आणि तिथूनच सगळं करावं. म्हणून एक फाइल ऑफिसच्या मशिनवर नेली. उघडताना त्याने विचारलं, मजकुराचे लेअर अपडेट करू का? मी हो म्हटलं. 'गणपती प्रसन्न' च्या जागी रोमन अक्षरांची आणि टिंबांची रांग उभी राहिली.

हे का होतं ते नीट सांगायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या डीटीपी दुकानात हे दुखणं आहे. युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्टही आला. पण जुन्या फोटोशॉपला युनिकोड देवनागरी नीट मांडता येत नव्हती. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जायची, जोडाक्षरं सुटी पडायची. म्हणून सगळे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरायचे, ज्यात रोमन अक्षराच्या जागी देवनागरी चिन्हाचं चित्र बसवलेलं असतं. कृतिदेव पद्धतीच्या फॉन्टात 'गणपती' म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी एक्स, टिंब, के, आय, आर, एच. फॉन्ट मशिनवर आहे तोवर डोळ्यांना गणपती दिसतो. फॉन्ट गेला की खाली जे होतं ते उघडं पडतं. फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच, ती फॉन्टमध्ये होती. आणि काकूंचे अकरा फॉन्ट त्या टकटकणाऱ्या मशिनवरच होते.

टिफ या दुसऱ्या चित्रप्रकारातही करून बघितलं. फोटोशॉप टिफमध्ये लेअर ठेवतं, म्हणून अनेकांना वाटतं की टिफ म्हणजे सगळीकडे चालणारी लेअरवाली फाइल. तसं नाही. ते लेअर फोटोशॉप ३७७२४ क्रमांकाच्या स्वतःच्या खासगी टॅगमध्ये लिहितं. टिफच्या नियमांना ते मान्य आहे, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरला तो टॅग वाचण्याचं बंधन नाही. जिंपमध्ये उघडल्यावर एकच सपाट चित्र आलं. वर फाइल जवळपास दुप्पट मोठी.

आता माझ्या हातात तीन वाटा होत्या आणि तिन्ही अर्धवट. त्या संध्याकाळी काकू चहा गाळत होत्या तेव्हा मी विचारलं, "काकू, जुनी फाइल तुम्ही पुन्हा उघडता तेव्हा नेमके कोणते लेअर हलवता?"

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "मजकूर. आणि सोनं. बाकी कशाला हात लावू?"

मोराच्या फाइलमध्ये ३७ लेअर आहेत. पिसं, डोळे, देठ, नक्षीचे चार कोपरे, कागदाचा पोत. काकूंनी ते एकदाच केले आणि पुन्हा कधी उघडले नाहीत. गणपती खालीवर करतात, पण तो त्यांच्या सवयीप्रमाणे 'सोनं' गटातच असतो. आणि त्यांनी नावंही दिलेली होती: 'वर', 'वधू', 'मुहूर्त', 'स्थळ', 'सोनं'. मी तीन दिवस ३७ च्या ३७ लेअर जसेच्या तसे पलीकडे न्यायच्या मागे होते. ज्याच्यासाठी फाइल पुन्हा उघडली जाते ते दोनच होते.

इथून सगळी योजना बदलली. लेअरवाली फाइल दुसऱ्या लेअरवाल्या फाइलमध्ये बदलायचीच नाही. प्रत्येक पीएसडीमधून चार गोष्टी बाहेर काढायच्या: मजकूर आणि सोनं लपवून बाकी सगळं सपाट केलेली पार्श्वभूमी, फक्त सोन्याचा भाग, मजकूर अक्षररूपात, आणि पत्रिका कशी दिसत होती त्याचं पूर्ण चित्र. हे सगळं जुन्या मशिनवर, जुन्या फोटोशॉपमध्ये, जिथे अकरा फॉन्ट जागेवर होते आणि अॅडजस्टमेंट लेअर व स्टाइल ज्याने बनवले त्यालाच समजत होते. सपाट करताना हिरवा मोर हिरवाच सपाट होतो.

फोटोशॉप जावास्क्रिप्टमधून चालवता येतं, सीएस३ सुद्धा. स्क्रिप्ट एकेक फाइल उघडते, आतल्या गटांमध्येही शिरते, मजकुराचा लेअर सापडला की चार गोष्टी एका ओळीत लिहिते: फाइलचा पूर्ण मार्ग, लेअरचं नाव, फॉन्टचं नाव, मजकूर. मग मजकूर आणि सोनं लपवून पार्श्वभूमी टिफमध्ये, मूळ रंगपद्धतीत आणि प्रोफाइलसकट. मग 'सोनं' सोडून सगळं लपवून दुसरी टिफ. शेवटी काही न साठवता फाइल बंद. प्रत्येक फाइल झाली की वहीत टिचकी मारावी तशी लॉगमध्ये एक ओळ, म्हणजे मशिन मध्येच बसलं तर पुढच्या फाइलपासून सुरू करता येतं. आणि ते दोनदा बसलं. चार रात्री लागल्या. हार्डडिस्क तेवढी टिकली याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

पूर्ण चित्रांचं काम मात्र आधीच इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या प्रोग्रामने करून बघितलं होतं आणि तिथे एक गोष्ट कळली जी लिहून ठेवण्यासारखी आहे. पीएसडीत लेअरशिवाय एक तयार सपाट चित्र असतं. इमेजमॅजिकला फाइलच्या नावापुढे चौकटी कंसात शून्य दिलं की ते तेवढंच उचलतं, फार वेगाने. पण ३१८ फाइलींची चित्रं पांढरी आली, वर बारीक अक्षरांत अनेक भाषांतून एकच सूचना: ही फाइल सपाट चित्राशिवाय साठवली आहे. काकूंच्या मशिनवर जागा कमी पडायला लागली तेव्हा कोणीतरी फोटोशॉपची 'मॅक्सिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी' ही सेटिंग, जी ते सपाट चित्र फाइलमध्ये ठेवते, बंद करायला सांगितलं होतं. त्या काळातल्या सगळ्या फाइली अशा. त्यांचं चित्र फोटोशॉपमधूनच काढावं लागलं.

मग मजकूर. खरी मेहनत इथे गेली. हाती आलेली यादी रोमन अक्षरांची होती, पण बाजूला फॉन्टचं नाव होतं, म्हणून कोणत्या ओळीला कोणता नकाशा, म्हणजे कोणत्या रोमन अक्षराला कोणतं देवनागरी चिन्ह ही यादी, लावायचा हे कळत होतं. अक्षराला अक्षर ठेवून भागत नाही. जुन्या फॉन्टात माणूस डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने टाइप करतो, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं. 'निमंत्रण' मध्ये जुनी पद्धत आधी वेलांटी, मग न. युनिकोडमध्ये आधी न, मग वेलांटी. 'मुहूर्त' मध्ये जुना रफार शेवटी, त च्या डोक्यावर टेकवलेला. युनिकोडमध्ये र आणि हलन्त त च्या आधी. हे दोन नियम बसवल्यावर बहुतेक ओळी वाचता यायला लागल्या.

काकूंनी पहिलं पान हातात घेतलं आणि लाल पेनाने एक शब्द गोल केला. 'वर्हाडी'. मी रफार लावून टाकला होता. "हे वऱ्हाडी आहे," त्या म्हणाल्या. बरोबर होतं. मराठीत र ची दोन अर्धी रूपं आहेत. 'सूर्य' चा रफार वेगळा आणि 'दुसऱ्या', 'वऱ्हाडी', 'येणाऱ्या' मधला आडवा र वेगळा. हिंदीत हा र नाही, म्हणून हिंदीसाठी बनवलेले तयार नकाशे तो ओळखत नाहीत, आणि मी त्यातलाच एक उचलला होता. युनिकोडमध्ये त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ आहे, त्यापुढे हलन्त आणि मग पुढचं व्यंजन. नकाशात ती एक ओळ घातल्यावर शेकडो शब्द एकदम सुधारले. मशिनला ही चूक कधीच दिसली नसती. त्याच्या दृष्टीने 'वर्हाडी' हाही धडधाकट शब्द.

नव्या मशिनवर पत्रिका आता स्क्रायबस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लागते. स्क्रायबस १.६ युनिकोड देवनागरी नीट मांडतं आणि सीएमवायके टिफ तशीच ठेवतं, रंग बदलत नाही. खाली पार्श्वभूमी, त्यावर सोनं, त्यावर खरा मजकूर. जिंप आम्ही ठेवलं आहे, पण फोटो साफ करण्यापुरतं. फॉन्टसाठी मुक्ता आणि बालू घेतले. दोन्ही एक टाइप या मुंबईच्याच गटाचे, मोफत आणि खुल्या परवान्याचे. जुन्या फॉन्टांचं कमनीय वळण त्यात नाही, हे काकूंनी स्पष्ट सांगितलं आणि मला ते मान्य आहे. म्हणून वधू-वरांच्या नावांसाठी एक सुलेखनाचा युनिकोड फॉन्ट काकांनी पैसे देऊन घेतला. ते पैसे योग्य ठिकाणी गेले.

तपासणीत आम्ही सरसकट नमुने काढले नाहीत. काकूंना विचारून वीस सर्वांत किचकट फाइली निवडल्या: सगळ्यांत जास्त लेअरवाल्या, तीन-चार फॉन्ट एकत्र असलेल्या, वर पारदर्शक थर असलेल्या. नवीन पार्श्वभूमी सोन्यासकट जुन्या सपाट चित्रावर ठेवून ब्लेंडिंग 'डिफरन्स' केलं. जिथे दोन्ही सारखं तिथे काळं, फरक असेल तिथे उजेड. मजकुराच्या जागी उजेड यायलाच हवा होता, आला. दोन फाइलींत मात्र सगळी कडच उजळली. तिथे काकूंनी 'सोनं' हा लेअर मल्टिप्लायमध्ये, म्हणजे खालच्या रंगात मिसळून गडद होईल असा, ठेवला होता, त्यामुळे वेगळा काढून वर ठेवल्यावर तो तसा मिसळत नव्हता. अशा फाइली लॉगवरून शोधल्या, एकोणतीस निघाल्या, आणि त्या हाताने केल्या.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते कार्तिक संपायच्या आत. पाच वर्षांपूर्वी थोरल्या मुलीची पत्रिका इथूनच नेली होती, आता धाकटीची हवी होती, तशीच. काकूंनी यादीत आडनाव टाकलं, जुनी पत्रिका समोर आली. नावं बदलली, मुहूर्त बदलला, हॉल बदलला. सगळ्यात खाली एक ओळ होती: 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' थोरल्या लग्नात तिथे दोन चुलतबहिणींची नावं होती. बाईंनी सांगितलं, आता तिथे थोरलीच्या मुलाचं नाव टाका. काकूंनी टाकलं.

उरल्या ४१ फाइली. त्यातले फॉन्ट जुन्या मशिनवरही नव्हते. कुठल्या तरी आधीच्या मशिनबरोबर गेले असावेत. मजकूर फक्त चित्रात दिसत होता. काकू दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यातल्या दोन-तीन उघडतात, बघून बघून पुन्हा टाइप करतात आणि यादीत ओळ भरतात. संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला गेले तेव्हा नऊ बाकी होत्या.